तिची फाइल, त्याची फाइल

लहानपणी बीडच्या एसटी स्टँडवर उतरलं की भिंतींवर दिसेल ते मी मोठ्याने वाचायचो. 'गुप्तरोग', 'संतानप्राप्ती', 'खात्रीशीर इलाज'. एकदा बाबांची चापट बसली, तेव्हा कळलं की या शब्दांचा अर्थ विचारायचा नसतो.

गेल्या दिवाळीला घरी गेलो तर वहिनीने कपाटातून तिची फाइल काढून दाखवली. दादा-वहिनीच्या लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. फाइल चांगली दोन इंच जाड. सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, हार्मोन्सच्या तपासण्या, आणि सगळ्यात मागे अभिषेकाच्या दोन पावत्या. मी विचारलं, "आणि दादाचे रिपोर्ट?"

"त्यांना काय झालंय भाऊजी?"

दादाकडे रिपोर्ट नव्हता, पण चूर्णाची एक बाटली होती. 'एकदम नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' असं सांगून कुणीतरी नातेवाइकांनी दिलेली. दिवसभर डिबगिंग करणाऱ्या माणसाला हे झेपत नाही हो. सिस्टीममध्ये मॉड्यूल दोन, आणि सात वर्षं आपण एकाचेच लॉग वाचतोय! पुण्याला परत आल्यावर दोन-तीन वीकएंड हेच वाचत बसलो, की ही सवय आपल्याला लागली कुठून.

परंपरेतून लागली म्हणावं, तर तसं दिसत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसावा अध्याय स्त्रियांच्या वीस योनिव्यापदांवर आहे, आणि त्याच अध्यायात पुरुषाच्या शुक्राचे आठ दोषही सांगितलेत. फेसाळ, पातळ, रुक्ष, रंग बदललेलं, दुर्गंधीयुक्त वगैरे. म्हणजे दोघांचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये! वाजीकरणाचा अध्याय वेगळा. उडीद, दूध, तूप, खाजकुइलीचं बी हे सगळं तिथलं. भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांनी वाजीकरण तेवढं उचललं आणि शुक्रदोष सोडून दिले. आमच्या जिल्ह्यात तर साक्षात परळी वैजनाथ, म्हणजे वैद्यांचा देव. समुद्रमंथनानंतर देवांनी धन्वंतरी आणि अमृत तिथल्या लिंगात लपवलं अशी कथा आहे. वहिनीच्या पावत्यांपैकी एक तिथलीच. दादाही सोबत गेला होता. अभिषेकाला!

बरं, तपासायचं साधनही काही नवीन नाही. १६७७ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून शुक्रजंतू पाहिले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नंतर भिंगं सुधारली, मोजणी सुरू झाली. आपल्याकडे मात्र मोजणीच्या आधी भीती पोचली. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब, तो गेला की माणूस खलास, असलं काहीबाही आपण सगळ्यांनीच शाळेच्या मागच्या बाकावर ऐकलंय.

या भीतीशी मराठीत ज्याने उघड भांडण मांडलं तो माणूस गणिताचा प्राध्यापक होता, हे मला फार आवडतं. रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गेली. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं ते १९५३ मध्ये वारले तोवर. वाचक पत्रातून हस्तमैथुनाबद्दल विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे, की त्याने काही शक्तिपात होत नाही. याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लोकांनी लैंगिक प्रश्न विचारले तर त्यांना उत्तरं मिळायला हवीत, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. (अवांतर: आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबई राज्यात आलं १९५६ साली.)

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्रीय कायदा आला. त्याच्या परिशिष्टात ५४ दुखणी आहेत, ज्यांच्यावर इलाज करतो अशी जाहिरात करता येत नाही. यादी वाचली. 'स्त्रियांचं वंध्यत्व' आहे. पुरुषांसाठी 'नपुंसकता' आहे. पुरुषाचं वंध्यत्व? नाही! जोमात कमी पडणं एवढाच पुरुषाचा दोष असू शकतो असं यादी करणाऱ्यांनाही वाटलं असणार. खरं तर मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं, आणि त्यातले बरेचसे पुरुष बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असतात.

बाईचंच शरीर तपासायचं आणि तिथेच इलाज करायचा, ही सवय किती लांब जाते ते बीडनेच दाखवलं. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, एक खाडा पडला तरी पैसे कापणार. डोक्यावर मोळ्या वाहून अंग बाहेर येतं, पांढरं जातं, पाळीत दुखतं, मग 'पिशवी काढून टाका'. अंग थोडंच उतरलं असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा पहिला उपाय. अमेरिकेत अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो दाब मोजणाऱ्या यंत्रासकट मांडला. आपल्याकडे लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून नौली करताना पोटातला दाब किती उतरतो ते मोजायला घेतलं होतं. मूलबंध, अश्विनी मुद्रा हे तर त्याच तळाच्या स्नायूंचे प्रकार. पुरुषांनाही प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा यायला हेच शिकवतात. (त्याने शुक्रजंतू वाढत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.)

मग पुरुषासाठी खरोखर 'नॅचरल' काय? कंटाळवाण्या गोष्टी. वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड लागतात, म्हणून तर ती बाहेर आहेत. २००५ साली २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवलं, तर तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त चढलं. (हे वाचून मी लॅपटॉप टेबलावर ठेवला :-)) तंबाखू, दारू, वजन, आणि जिममधली स्टेरॉइड्स, जी शुक्रजंतू अक्षरशः बंद पाडतात. झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांचा मोठा प्रयोग २०२० मध्ये छापून आला. २,३७० जोडपी, फायदा शून्य. अश्वगंधावर २०१३ चा एक प्रयोग आहे, आकडे चांगले आहेत, पण माणसं फक्त ४६. आणि शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे आठवड्यात गुण देतो म्हणणारा माणूस थापा मारतोय.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. आधी चिडला. "मला काय धाड भरलीय?" मग आठवडाभर बोलला नाही. फेब्रुवारीत कामासाठी पुण्याला आला, तेव्हा न विचारताच म्हणाला, चल. लॅबमध्ये तो आत आणि मी बाहेर, दोघंही मोबाइलमध्ये तोंड घालून. रिपोर्ट आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात मिलिलिटरला किमान एक कोटी साठ लाख धरलेत. दादाचे नव्वद लाख. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले यावर मूल होतच नाही असं नाही, तंबाखू आजपासून बंद, चूर्णही बंद, तीन महिन्यांनी परत मोजू.

वहिनीने बाजारातून नवी फाइल आणलीय. वर दादाचं नाव, आत सध्या एकच कागद.