उठविणे, जागविणे आणि चिथावणे

रात्रभर प्रवास करून पहाटे ठाण्याच्या खोपट बसस्थानकात शिरलेल्या एसटीत वाहक पेंगुळलेल्या प्रवाशांना ‘उठा, ठाणे आले’ अशी हाक देतो. ‘जागे व्हा’ असे तो म्हणत नाही. त्याला आसने रिकामी व्हायला हवी असतात. मराठीत ‘उठविणे’ म्हणजे जागा सोडायला लावणे. म्हणूनच पंगत उठते, बाजार उठतो आणि पदपथावरून फेरीवालेही उठविले जातात. ‘जागे करणे’ म्हणजे भानावर आणणे. जागा झालेला माणूस तासभर अंथरुणात लोळत राहू शकतो.

‘जाग’ या शब्दाचे कुळ मानाचे आहे. कोजागरी, देवीचा जागर, गावाची रात्रीची राखण करणारा जागल्या ही त्यातलीच मंडळी. ‘प्रबोधन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही जागे करणे हाच. चार महिने निजलेला विष्णू जागा होतो, म्हणून कार्तिक शुद्ध एकादशी ‘प्रबोधिनी’ ठरली. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ मध्ये ‘प्रबोधन’ हे पाक्षिक सुरू केले आणि त्याचेच नाव त्यांना कायमचे चिकटले. या सर्व शब्दांत एक गृहीत दडलेले आहे: जे जागवायचे ते आधीपासून होते, केवळ निद्रिस्त होते. ‘अस्मिता जागविली’ असे म्हणणारा स्वतःकडे फार थोडे कर्तृत्व घेतो, आणि दोषही.

‘चेतविणे’ चुलीजवळचे आहे. राखेखाली निखारा असतो, फुंकर बाहेरून येते. ‘डिवचणे’ म्हणजे टोचणे. येथे काठी धरणारा हात स्पष्ट दिसतो. ‘चिथावणे’ त्याही पुढचे. चिथावणारा शब्द वापरतो, कृती दुसऱ्याकडून करवून घेतो आणि बहुधा स्वतः दूर उभा राहतो. ‘प्रक्षोभ’ मात्र चिथावला गेलेल्याच्या मनातला. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात केलेली हत्या कायदा खून मानत नाही. मुंबईतील नानावटी खटल्यात हाच बचाव घेतला गेला होता. मधल्या काळात राग निवळण्यास पुरेसा अवधी मिळाला होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो नाकारला.

एकच भाषण आयोजकांच्या पत्रकात ‘जनजागृती’ असते आणि फिर्यादीत ‘चिथावणी’. याचे सर्वांत मोठे उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’तील शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधीच्या मजकुरावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. मजकूर मराठी, पण न्यायालयापुढचा वाद इंग्रजी भाषांतरावर. सरकारविषयी ‘अप्रीती’ची भावना चेतविणे हा तेव्हा कलम १२४-अ चा गाभा होता. अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरींना सांगितला. सहा युरोपीय ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरविले, तीन भारतीय ज्यूरींनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची. इतक्या सैल अर्थाने प्रीती न बाळगणारा कोणताही लेखक गुन्हेगार ठरू शकला असता, हे उघड आहे.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, या कलमात ‘द्वेष’ व ‘तुच्छता’ यांची भर पडली. दोन गटांत शत्रुत्व वाढविण्याविषयीचे कलम १५३-अ देखील त्याच दुरुस्तीने आले. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि सरकारी भाषांतरातील शब्दाशब्दावर आक्षेप घेतले. तरीही सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा टळली नाही आणि मंडालेचा तुरुंग नशिबी आला.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. गटागटांत शत्रुत्व वाढविण्याचा गुन्हा आता तिच्या कलम १९६ खाली येतो. बातमीत मात्र अजूनही ‘माथी भडकविली’ असे सरसकट लिहिले जाते, आणि मग माथे ज्याचे त्याचा त्यात काही वाटा होता की नाही, हा प्रश्न वाक्यातूनच नाहीसा होतो.