आधी फेरी, मग फीत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, पॅकिंग खात्यात, मी तेवीस वर्षे कारकुनी केली. आमचे टॉवेल परदेशी जात. कडेला शिवायची लेबले मात्र गिऱ्हाइकाकडून येत आणि त्यांवर तिकडच्या दुकानाचे नाव असे. ज्याने तो टॉवेल विणला त्याचे नाव फक्त आमच्या रोजच्या उत्पादनाच्या चिठ्ठीवर असे : तारीख, पाळी, मागाचा क्रमांक, कामगाराचे नाव, नग. पगार झाला की चिठ्ठ्या रद्दीत जात.

त्या रद्दीतल्या चिठ्ठ्या माझा एक मित्र मागून घेई आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर गाणी लिही. तो यंत्रमागावर कामाला होता. घरात तेलुगू, गाणी मराठीत, चाली त्याच्याच. १९९४ साली एका कॅसेट कंपनीने त्याची आठ भक्तिगीते एकरकमी दोन हजार रुपयांना घेतली. कॅसेट अक्कलकोटच्या यात्रेकरूंत चांगली खपली. कव्हरवर गायक म्हणून दुसऱ्याचेच नाव होते, आणि गीत-संगीतापुढे एकच शब्द : 'पारंपरिक'. मित्र तेव्हा चाळिशीचाही नव्हता!

काही वर्षांपूर्वी त्याचा भाचा कामानिमित्त अमेरिकेत गेला. तिथल्या एका मराठी घरात आरतीनंतर मामाचे गाणे लागले. यजमान म्हणाले, फार जुने गाणे आहे, कोणाचे ते माहीत नाही. भाच्याने हे फोनवर सांगितले तेव्हा मी मित्राच्या घरीच बसलो होतो. मित्र हसला आणि म्हणाला, "नाव घेऊन काय करायचंय बे? गाणं तर विमानात बसून गेलं की!"

तो हसला, पण मला ते हसण्यावारी नेता आले नाही. गाणे परदेशी गेले आणि गाणाऱ्याचे नाव इथेच राहिले, असे आपल्याकडे केव्हापासून चालले आहे? आणि गाणे, त्याचे नाव व तो स्वतः अशा तिघांनी मिळून प्रवास केला, असे कधी झाले का? या दोन प्रश्नांमागे मी चार वर्षे फिरतो आहे. मी पदवीधर नाही. कारखाना सुटल्यावर वाचनालयात बसून जे हाती लागले, त्याची ही मांडणी.

सुरुवात १९०२ सालापासून करावी लागते. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. तबकड्या इथे छापण्याची सोय नव्हती. मुद्रिका जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे छापलेल्या तबकड्या बोटीने परत येत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. गौहरजान गाणे संपताना इंग्रजीत आपले नाव सांगतात, हे जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. हॅनोव्हरच्या कामगारांना आवाज कोणाचा हे कळावे आणि लेबल चुकू नये, म्हणून ही रीत पडली असे सांगतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पहिल्या पिढीतल्या गायिकेला एवढे उमजले होते की माल परदेशी जाणार, तेव्हा नाव मालातच विणून पाठवले पाहिजे.

तिथे आवाज गेला, गायिका गेली नाही. पुढचा टप्पा आपल्या शाहिरांचा. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी द. ना. गवाणकरांसोबत १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे आणि गावोगाव फिरायचे, अशी त्यांची पद्धत होती. 'स्वतंत्र गायक-गीतकार' ही आजची संज्ञा या मंडळींना नेमकी लागू पडते, जरी त्यांनी ती कधी ऐकली नसेल. अण्णाभाऊंचा स्तालिनग्राडचा पोवाडा १९४३ सालचा. त्याचे रशियन भाषांतर झाले, आणि अण्णाभाऊ स्वतः रशियाला गेले ते १९६१ साली. म्हणजे पोवाडा आधी पोचला आणि शाहीर मागून. मात्र इथे नाव पोवाड्यासोबत राहिले होते. अण्णाभाऊंनी प्रवासवर्णन लिहिले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. परंतु तो दौरा गायकाचा नव्हता, लेखकाचा होता.

गाणे, नाव आणि गायक यांनी एकत्र प्रवास केल्याचे स्वच्छ उदाहरण शोधताना मी शेवटी गोव्यात पोचलो. शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांना आपला वाचक 'जलवा'चे शीर्षकगीत किंवा 'ओ मेरी मुन्नी' यांमुळे ओळखतो. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची त्याआधीची दहा वर्षे महत्त्वाची आहेत.

रेमोंचा जन्म १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला. शाळेत असतानाच त्यांनी मित्रांचा वाद्यवृंद जमवला. मुंबईत जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकले, पण त्या धंद्यात रमले नाहीत. १९७७ ते १९८० या काळात त्यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घातली. वाटेत मिळेल त्या वाहनाला हात करायचा, जिथे जमेल तिथे गायचे. तिकडच्या वादकांबरोबर ते वाजवत, पण स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या गाण्यांचा अल्बम तोवर निघाला नव्हता.

पाश्चात्त्य देशांत गायकाच्या दौऱ्याची रीत याच्या उलट होती. कंपनी आधी अल्बम काढी आणि तो खपावा म्हणून गायकाला गावोगाव धाडी. दौऱ्यात तोटा आला तरी कंपनी तो सोसे आणि पुढे गायकाच्या मानधनातून वळता करून घेई. दौरा ही जाहिरात होती, विकायचा माल अल्बम होता. रेमोंच्या पाठीशी कंपनी नव्हती, म्हणून त्यांचा क्रम आपोआप उलटला. आधी फेरी, मग फीत. आपल्या कीर्तनकार-शाहिरांचाही क्रम हाच आहे. आधी पाय झिजवायचे, मग कोणी ऐकले तर ऐकले.

गोव्यात परतल्यावर त्यांनी आपली गाणी मुंबईच्या कंपन्यांना ऐकवली. गोव्यातल्या जगण्यावरची, स्वतः रचलेली इंग्रजी गाणी कोण घेणार? नकार मिळाले. तेव्हा त्यांनी घरातच ध्वनिमुद्रण केले. यंत्र होते चार पट्ट्यांचे, साध्या कॅसेटवर चालणारे. अशी यंत्रे बाजारात येऊन तेव्हा पाचएक वर्षेच झाली होती. त्याची रीत मागासारखीच आहे. एका पट्टीवर गिटार भरायची, ती ऐकत दुसरीवर ताल, तिसरीवर बासरी. मग तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायच्या, म्हणजे पहिल्या तिन्ही मोकळ्या होतात आणि त्यांवर आणखी आवाज भरता येतात. दर उतरवणीला फितीची खरखर वाढते, त्यामुळे किती थर द्यायचे हे आधीच ठरवावे लागते. जकार्डवर नक्षी चढवणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

वाद्ये त्यांनीच वाजवली, आवाज त्यांचेच, मुखपृष्ठही त्यांचेच. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट निघाली आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादून ते ती गोव्यातल्या दुकानांत स्वतः पोचवत.

हे १९८४ मध्येच का जमले, त्याला कारण आहे. तबकडी छापायला कारखाना लागतो, आणि तो ज्याच्या हाती त्याच्या हाती बाजार. कॅसेटला कारखान्याची गरज नाही. दोन यंत्रे जोडली की एकाची दुसरी प्रत निघते. १९८० च्या आसपास यंत्रे आणि कोऱ्या फिती स्वस्त झाल्या आणि दशकांची मक्तेदारी पाहता पाहता ढासळली. याच वाटेने चोरीच्या कॅसेटी आल्या, याच वाटेने माझ्या मित्राची गाणी घेणारी कंपनीही आली. साधन एकच होते. रेमोंकडे प्रत काढण्याची मूळ फीत होती. मित्राकडे ती नव्हती. सगळा फरक इतकाच.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. 'गोवन क्रेझी'नंतर रेमोंनी 'ओल्ड गोवन गोल्ड' काढला. त्यात गोव्याची जुनी, लोकांच्या तोंडी असलेली गाणी आहेत. म्हणजे जे परंपरेचे ते परंपरेचे म्हणून आणि जे स्वतःचे ते स्वतःच्या नावाने, असे दोन वेगळे अल्बम झाले. 'पारंपरिक' हा शब्द प्रामाणिकपणे वापरता येतो, तो असा.

मग आले १९८६ साल आणि पूर्व जर्मनीतले ड्रेस्डेन. समाजवादी देशांत तेव्हा सरकारी आश्रयाने आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सव भरत. पोलंडचे सोपोत, बल्गेरियाचा सुवर्ण ऑर्फियस, तसा हा ड्रेस्डेनचा. तिथे रेमो गायले आणि तीन पारितोषिके घेऊन आले. काही वर्षांपूर्वी ज्या खंडात हात दाखवून गाड्या थांबवत ते फिरले, तिथे ते आता निमंत्रित म्हणून उभे होते. सोबत स्वतःची गाणी होती, स्वतःचे नाव होते, आणि घरी स्वतः काढलेल्या कॅसेटी. त्याच जर्मन भूमीवर, हॅनोव्हरला, चौऱ्यांशी वर्षांपूर्वी गौहरजान यांचा आवाज एकटाच गेला होता. पुढे रेमोंमागे मोठ्या कंपन्या आल्या, हिंदी चित्रपट आले, २००७ साली पद्मश्री आली. पण माझ्या लेखी त्यांची खरी कमाई आधीच झाली होती. कंपनी दारात आली तेव्हा त्यांच्यापाशी विकायला गाणे होतेच, शिवाय नाकारायची ताकदही होती.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रेमो शिकलेले, इंग्रजी-पोर्तुगीज जाणणारे. त्यांना दोनतीन वर्षे भटकणे परवडले. बारा तासांच्या पाळीतल्या कामगाराला ते कसे जमावे? नाहीच जमणार. म्हणून धाडसाच्या गोष्टीवर भागत नाही, कायदा लागतो. आपल्याकडे तो फार उशिरा आला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याच्या बाजूने कौल दिला आणि गीतकार-संगीतकारांचे हात रिकामे राहिले. २०१२ च्या दुरुस्तीने प्रथमच असे ठरवले की ध्वनिमुद्रणाच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकाराला परक्या कंपनीच्या नावे लिहून देताच येणार नाही. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांबाबतही हा हक्क मान्य केला. १९९४ च्या दोन हजारांच्या कागदाला हे कितपत लागू पडेल हे वकीलच सांगतील. पण वकिलाकडे जाण्याआधी एक प्रश्न उरतो : गाणे तुझेच, याला पुरावा काय?

आमच्या चादरीचेही असेच झाले. सोलापुरी म्हणून कुठलीही चादर विकली जात होती. पुढे चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक उपदर्शन मिळाले, तेव्हा गावाचे नाव तरी कागदावर आले. विणकराचे अजून नाही.

गेल्या श्रावणात मी मित्राकडे गेलो. त्याच्या बायकोने फळीवरून बिडीच्या पानांचा जुना डबा काढला. तळाशी चिठ्ठ्यांचा जुडगा होता, सुतळीने बांधलेला. एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. एका बाजूला गाणे, खोडून-दुरुस्त करून लिहिलेले, वर चालीसाठी त्याच्या खुणा. दुसऱ्या बाजूला तारीख, पाळी, मागाचा क्रमांक, त्याचे नाव आणि नग, खाली पाळीच्या मुकादमाची सही. कॅसेटमधल्या आठपैकी सहा गाण्यांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. सगळ्यांच्या तारखा कॅसेटच्या आधीच्या.

इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगले साधन कोणते हवे? रचनाकाराचे नाव, दिनांक आणि हस्ताक्षर एकाच कागदावर. ज्या चिठ्ठीवर कारखान्याने त्याचे काम मोजले, त्याच चिठ्ठीने त्याचे गाणे सांभाळले. मी तिथेच बसून यादी केली, प्रत्येक चिठ्ठीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि गीतकारांच्या संस्थेत नोंदणीचा अर्ज भरायला घेतला.

"रचनाकाराचं नाव?" मी नेहमीच्या सवयीने विचारले. त्याने पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाला, "स्पेलिंग नीट लिही बे. तिकडं वाचतील."

उरलेल्या दोन चिठ्ठ्या आम्ही शोधतो आहोत.