आंधळा गुहामासा
मेक्सिकोच्या ईशान्य भागातील चुनखडीच्या गुहांत राहणारा गोड्या पाण्यातील लहान मासा. शास्त्रीय नाव ॲस्टियानॅक्स मेक्सिकॅनस. १९३६ मध्ये हब्ज व इनेस यांनी त्याला स्वतंत्र प्रजाती मानले; पुढे तो जवळच्या नद्यांतील डोळस माशाचाच भाऊबंद ठरला. दोघांचा संकर होतो व पिल्लेही जननक्षम असतात. रंग फिकट गुलाबी, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. गंमत म्हणजे गर्भाला डोळे फुटू लागतात. मग भिंगातील पेशी मरतात आणि वाढ खुंटलेला डोळा कातडीखाली गडप होतो. पाण्याची हालचाल टिपणारे अंगावरचे संवेदक मात्र डोळस माशापेक्षा जास्त, त्यामुळे अंधारातही तो भिंतीला सहसा धडकत नाही. झोप अगदी थोडी. हौशी लोक तो काचेच्या टाकीत पाळतात.