साउथ इंडियन लेक

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तर भागातील, क्री या मूळनिवासी लोकांची लहान वस्ती. लोकसंख्या हजाराच्या आसपास. टॉम्सन या खाणींच्या शहराच्या वायव्येस, सदर्न इंडियन लेक या सरोवराच्या काठी ती वसली आहे. सरोवराचा विस्तार दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून हडसन उपसागराला मिळणारी चर्चिल नदी त्यातून वाहते. भोवताली स्प्रूसची जंगले, उघडे खडक आणि जागोजागी बारमाही गोठलेली जमीन आहे. येथील लोक स्वतःला ओ-पिपोन-ना-पिविन क्री नेशन म्हणवतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे व्यापारी मासेमारी जोमाने वाढली. उन्हाळ्यात होड्यांतून आणि हिवाळ्यात बर्फाला भोके पाडून त्याखाली जाळी लावत. इथला व्हाइटफिश फिकट रंगाचा, जवळजवळ निर्मळ मांसाचा. निर्यातीचा दर्जा त्याला सहज मिळे. जोडीला बीव्हर आणि मस्करॅटचे सापळे, मूसची शिकार. सरकारी मदतीवर फारसे न विसंबता संसार चालवणारे गाव, असा त्याचा लौकिक होता. पुढे काय गमावले गेले, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

चर्चिल नदीचे पाणी दक्षिणेला नेल्सन नदीत वळवून तेथे वीज निर्माण करायची, ही मॅनिटोबा हायड्रो या सरकारी वीज कंपनीची योजना. मूळ आराखड्याप्रमाणे सरोवर सुमारे दहा मीटर चढले असते. गावाने त्याला कडाडून विरोध केला आणि 1969 च्या प्रांतिक निवडणुकीत हा प्रश्न गाजला. एड श्रायर यांचे नवे सरकार आले, तो आराखडा मागे पडला. योजना मात्र टिकली. मिसी धबधब्यापाशी सरोवराचे तोंड अडवून पाण्याची पातळी सुमारे 3 मी. उंचावण्यात आली. साउथ बे येथे खोदलेल्या कालव्यातून सेकंदाला 850 घनमीटरपर्यंत पाणी रॅट आणि बर्नटवुड नद्यांवाटे नेल्सनकडे नेण्याची सोय झाली. 1976-77 पासून ही व्यवस्था चालू आहे. जुनी घरे सोडून लोकांना नव्या वसाहतीत जावे लागले.

परिणामांचा अभ्यास विनिपेगच्या फ्रेशवॉटर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी बारकाईने केला. जलाशयांविषयीच्या विज्ञानात हे सरोवर आज प्रसिद्ध आहे ते त्यामुळेच. गोठलेल्या मातीचे काठ पाण्याने वितळून ढासळत राहिले, पाणी गढूळ झाले, उन्मळलेली झाडे जाळ्यांत अडकू लागली. मासळीचे थवे जुन्या जागा सोडून पांगले. पकडीत आता काळपट, परजीवींच्या गाठी असलेला व्हाइटफिश जास्त येऊ लागला आणि दर्जा घसरताच भावही घसरला. बुडालेल्या मातीतील पाऱ्याचे सूक्ष्मजीवांमुळे मेथिलपाऱ्यात रूपांतर होते. ते अन्नसाखळीत चढत पाइक आणि वॉलाय या शिकारी माशांत साठले. नवे धरण आणि माशांतील पारा यांचा संबंध ठसठशीतपणे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते.

भरपाईच्या बाबतीत गावावर उघड अन्याय झाला. 1977 च्या नॉर्दर्न फ्लड करारात पाच क्री समाज सहभागी होते. सर्वाधिक झळ सोसणाऱ्यांपैकी असूनही साउथ इंडियन लेक त्यांत नव्हते. सरकारदरबारी ही वस्ती स्वतंत्र फर्स्ट नेशन, म्हणजे मान्यताप्राप्त मूळनिवासी समाज, नव्हती; येथील रहिवासी नेल्सन हाउस येथील क्री बँडचे (शासनमान्य गटाचे) सदस्य गणले जात, आणि तेवढ्या एका नोंदीमुळे ज्यांचे गाव बुडाले तेच करारात पक्षकार ठरले नाहीत. वीज कंपनीशी वेगळी तडजोड 1992 मध्ये झाली. स्वतंत्र फर्स्ट नेशन म्हणून मान्यता मिळाली ती 2005 मध्ये, सरोवराचे काठ बुडून पाव शतक उलटल्यावर.

तक्रार जुन्या पुरापुरती नाही. थंडीत विजेची मागणी वाढते तसे सरोवर उपसले जाते. बर्फाखालचे पाणी सरकल्याने मधे पोकळी राहते आणि त्यावरून स्लेज किंवा स्नोमोबिल नेणे जिवावर बेतू शकते. 1980 च्या दशकापासून वीज कंपनीला मूळ परवान्यात ठरल्यापेक्षा अधिक चढउताराची मुभा वर्षानुवर्षे मिळत गेली. तात्पुरत्या परवान्यावर चाललेल्या या प्रकल्पाला 2021 मध्ये, गावाचा आक्षेप कायम असताना, प्रांत सरकारने अंतिम परवाना दिला.