एम्पायर स्टेट इमारतीचे ऊर्जा-नूतनीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

न्यूयॉर्क येथील १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत १९३१ मध्ये, ऐन महामंदीच्या काळात पूर्ण झाली. उंची हा तेव्हा स्थापत्याच्या कर्तृत्वाचा निकष होता; ऊर्जावापराचा विचार गौण होता. २००९ मध्ये जाहीर झालेल्या नूतनीकरणात मात्र वार्षिक ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठरले. विविध उपाययोजनांचे परस्परांवरील परिणाम संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने तपासून त्यांतील आठ निवडण्यात आल्या. ६,५१४ खिडक्यांच्या जुन्या काचा टाकून न देता इमारतीतच त्यांच्यामध्ये पातळ पटल व वायू भरून त्या पुन्हा बसविण्यात आल्या. रेडिएटरांच्या मागे उष्णतारोधक अस्तर लावले गेले. शीतकरणाचा भार असा आधीच कमी केल्यामुळे शीतकरण यंत्रे नव्याने घेण्याऐवजी जुन्यांचे नूतनीकरण पुरेसे ठरले. उपायांचा हा क्रमच या प्रयोगाचे मर्म होय. तथापि अपेक्षित बचतीचा मोठा भाग भाडेकरूंच्या कार्यालयांशी निगडित होता. म्हणूनच त्यांना स्वतःच्या वीजवापराची नोंद पाहता यावी, अशी तरतूद आराखड्यात करण्यात आली. रचना व संगणक बचतीची शक्यता निर्माण करतात. ती प्रत्यक्षात उतरविणे अखेर इमारत वापरणाऱ्यांच्याच हाती असते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.