फॉरमॅट मारण्याआधी

"आपा, डिस्क रिकामी आहे. फॉरमॅट मारून देतो, दहा मिनिटांत चालू होईल."

मोहल्ल्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा हे अगदी मदतीच्या भावनेने म्हणाला. त्याच्या पडद्यावर खरोखरच काही दिसत नव्हते. डिस्क जोडली की आवाज व्हायचा, पण ड्राइव्हच्या यादीत तिचे नाव येत नव्हते. त्याने डिस्क मॅनेजमेंट उघडले, तेव्हा एक पट्टी तेवढी दिसली. जागा भरलेली, पण नाव नाही. उजवे बटण दाबल्यावर कामाचा एकच पर्याय समोर येत होता : हा भाग काढून टाका.

ती डिस्क माझ्या धाकट्या मामूंची. त्यांचे आयुष्य छपाईच्या धंद्यात गेले. लग्नपत्रिका, उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, उरुसाची पोस्टर्स असे सगळे ते करायचे. अखेरच्या काही वर्षांत त्यांनी गावातल्या पिराच्या जमिनीचे जुने कागद घरोघरून गोळा करून स्कॅन केले होते. पुढे २०१९ साली कृष्णेला पूर आला आणि मूळ कागदांची पेटी तीन दिवस पाण्यात राहिली. तिच्यातून लगदा निघाला. मामूंचा इंतकाल झाल्यावर मामीने ही डिस्क माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तू मास्तरीण आहेस, तूच बघ." म्हणजे दुकानात ‘रिकामी’ ठरलेल्या डिस्कमध्ये त्या कागदांची उरलेली एकमेव प्रत होती.

मी फॉरमॅट मारू दिले नाही. त्यात माझी हुशारी काही नाही. मामू अ‍ॅपलच्या मशीनवर काम करायचे एवढे मला आठवले आणि मी डिस्क पिशवीत टाकून घरी आणली.

पुढे जे समजले ते इथे लिहिते, कारण ही गोष्ट फक्त कॉम्प्युटरची नाही.

डिस्क म्हणजे कोरी वही. तिच्यावर रेघा कशा आखायच्या, अनुक्रमणिका कुठे ठेवायची, कुठल्या पानावर काय आहे ते कसे नोंदवायचे, या नियमांना फाइल सिस्टीम म्हणतात. प्रत्येक कंपनीने आपापले नियम केले. मायक्रोसॉफ्टची ‘फॅट’ पद्धत १९७७ची, त्यांचीच ‘एनटीएफएस’ १९९३ची. अ‍ॅपलने १९८५ साली ‘एचएफएस’ आणली, १९९८ साली ‘एचएफएस प्लस’ आणि २०१७ साली ‘एपीएफएस’. लिनक्सवाल्यांची ‘एक्स्ट’ घराणी वेगळीच. मामूंची डिस्क ‘एचएफएस प्लस’ची होती. विंडोजमध्ये ही वही वाचणारा मुनशीच बसवलेला नाही. त्यामुळे विंडोजला लिहिलेले पान आणि कोरे पान यांत फरक कळत नाही. ‘मला वाचता येत नाही’ असे ते म्हणत नाही, यादीत नावच दाखवत नाही. आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस ‘इथे काही नाही’ असे समजतो.

आकडे लिहिण्याची रीतसुद्धा वेगळी आहे. मोठा आकडा साठवायला एकापेक्षा जास्त बाइट लागतात. त्यातला मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? एचएफएस प्लस मोठा भाग आधी ठेवते, कारण अ‍ॅपलची जुनी मशीन ज्या प्रोसेसरवर चालायची त्यांची ती रीत होती. पुढे २००६ पासून अ‍ॅपलने इंटेलचे प्रोसेसर घेतले, तरी डिस्कवरची रीत तीच राहिली. फॅट आणि एनटीएफएस लहान भाग आधी ठेवतात. परिणाम असा की १ आणि ० हे दोन बाइट एका रीतीने वाचले तर १ होतात आणि दुसऱ्या रीतीने वाचले तर २५६.

या दोन रीतींची नावे फार गमतीदार आहेत. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या प्रवासकथेत उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान टोकाकडून, यावरून लढाया होतात. डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १ एप्रिल १९८० या तारखेच्या एका टिपणात ती नावे कॉम्प्युटरला लावली : ‘बिग एंडियन’ आणि ‘लिटल एंडियन’. टिपणाच्या शीर्षकातच त्याने धर्मयुद्धांचा उल्लेख करून शांततेची विनवणी केली आहे. त्याचे म्हणणे साधारण असे की कुठली रीत निवडता त्याला फार महत्त्व नाही, सगळ्यांनी एकच निवडणे महत्त्वाचे.

पहिल्या तासाला उजवीकडून डावीकडे आणि दुसऱ्या तासाला डावीकडून उजवीकडे फळ्यावर लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे सांगावे लागत नाही!

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात इंजिनिअर आहे. ईदला घरी आला तेव्हा लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन आला. माझ्या लॅपटॉपमध्ये काही न बसवता त्याने तो पेनड्राइव्हवरूनच सुरू केला आणि मामूंची डिस्क जोडली. लिनक्सला एचएफएस प्लस वाचता येते. "मॅडम, फक्त वाचता येईल हं, तिच्यावर लिहिता येणार नाही," तो म्हणाला. मी म्हटले, "बेटा, मला वाचायचेच आहे." क्षणात फोल्डर उघडले. सगळे होते. मामूंनी प्रत्येक फाइलला उर्दूत नाव दिले होते. आम्ही ते सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवले आणि मूळ डिस्क तशीच ठेवून दिली.

पण स्कॅन उघडले आणि मी पुन्हा त्या दुकानातल्या मुलाच्या जागी येऊन बसले. कागद मोडीत होते. मला उर्दू येते, देवनागरी येते, पण मोडीचे एक अक्षर येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात ज्या लिपीत व्यवहार चालत होता, ती माझ्यासमोर नुसत्या वळणदार रेघा होऊन पडली होती. माझ्या डोक्यात मोडीचा मुनशी नव्हता.

तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेले. एका कागदावर ते भराभर वाचत आले : पिराच्या दिवाबत्तीची जमीन पूर्वीपासून चालत आली आहे, ती पुढे चालवावी. तारखेपाशी मात्र थांबले. "बाई, अक्षर लागतंय, पण अर्थ नीट लागत नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ आहे. सन काढायला मला नेहमी कोष्टक लागतं."

मला हसू फुटले, कारण अक्षर नाही पण अर्थ मला लागत होता. ही शुद्ध अरबी संख्या. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण ११६१. हे सुहूर सन. मराठी दप्तरांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. मृगाला सुरू होते आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघते. पुढे ‘छ ७ साबान’. छ म्हणजे चंद्र आणि साबान म्हणजे आपला शाबान. हिशेब केला तर मार्च १७६१ निघतो. पानिपतला जेमतेम दोन महिने झालेले. दक्षिणेत घरोघरी सुतक असेल. त्या दिवसांतही कुणा कारकुनाने पिराच्या दिव्याच्या तेलाची काळजी कागदावर उतरवली, तारीख मुसलमानी महिन्याची घातली, सन अरबी शब्दांत लिहिले आणि लिपी मोडी वापरली. त्याला यात काही विसंगत वाटले नसावे.

आणि ती संख्या पाहा : एक, साठ, शंभर, हजार. लहान आकडा आधी. कोहेनच्या भाषेत सांगायचे तर लिटल एंडियन. मराठीत आपण ‘एकसष्ट’ म्हणतो तेव्हा तेही तसेच, एक आधी आणि साठ नंतर.

त्या दिवशी गुरुजींना अक्षर येत होते आणि मला शब्द येत होते. दोघांपैकी एकटा कुणीही तो कागद पूर्ण वाचू शकला नसता. आदिलशाहीच्या दप्तरात एकाच कागदावर फारसी आणि मोडीतली मराठी असे दोन्ही मजकूर सापडतात, ते मला आता वेगळ्या नजरेने दिसते. दोन्हीकडच्या माणसाला वाचता यावे अशी ती सोय होती. आज डिस्कच्या जगात तसे काम ‘एक्सफॅट’ करते. २००६ सालची ही मायक्रोसॉफ्टचीच पद्धत, पण अ‍ॅपलची मशीन तिच्यावर वाचतात आणि लिहितातही. २०१९ साली तिचे तपशील खुले झाल्यावर लिनक्सनेही ती आपलीशी केली. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे.

तुमच्या घरात कुणा मरहूम बुजुर्गांची डिस्क, पेनड्राइव्ह किंवा सीडी पडून असेल, तर एवढे करा. ती कुठल्या मशीनवर वापरली जायची ते आधी विचारा. न दिसणारी डिस्क फॉरमॅट करू नका. त्याच जातीच्या मशीनवर किंवा लिनक्सवर उघडा, आतले सगळे दोन ठिकाणी उतरवा. वेगवेगळ्या मशीनवर फिरवायची प्रत एक्सफॅटवर ठेवा, पण ती डिस्क चालू असताना वायर उपटू नका, कारण त्या पद्धतीत अर्धवट राहिलेले लिखाण सावरण्याची सोय नाही. आणि पेटीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. वाचणारा शोधा.

मी दर रविवारी गुरुजींकडे मोडी शिकायला जाते. बदल्यात त्यांना अरबी संख्या आणि महिने सांगते. सन काढायला त्यांना आता कोष्टक लागत नाही. माझे अक्षर मात्र अजून पहिलीतल्या मुलासारखेच वाकडे येते.

परवा त्या दुकानात चार्जर घ्यायला गेले होते. एक गिऱ्हाईक डिस्क घेऊन उभे होते. मुलाने ती जोडली, पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "चाचा, ही आधी कुठल्या मशीनला लावत होता?"