शपथ ज्याची त्याने घ्यायची

चातुर्मास लागला की माझी आई एखादा पदार्थ सोडत असे, आणि तोही आवडीचा. "नावडते सोडले तर त्याला व्रत कोण म्हणेल?" असे ती म्हणे. व्रत ही ज्याची त्याची गोष्ट, हे मी तिच्याकडून शिकलो. पण हजारोंनी मिळून व्रत घ्यायचे झाले तर? याचे उत्तर मला इतिहासात सापडले.

१९०६ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने एका वटहुकमाचा मसुदा प्रसिद्ध केला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा आणि पोलीस मागेल तेव्हा दाखवावा, असा त्याचा आशय. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाटकगृहात सुमारे ३,००० माणसे जमली. कायदा झालाच तर मानायचा नाही, होईल ती शिक्षा सोसायची, असा ठराव आला. त्याला पाठिंबा देताना शेठ हाजी हबीब म्हणाले की, हा ठराव ईश्वराला साक्षी ठेवून करू या.

गांधीजी चपापले. ठरावाच्या मसुद्यात त्यांचा हात होता, पण शपथेचा विचार त्यांनी केला नव्हता. ते उठले आणि त्यांनी सभेला सावध केले. ठराव बहुमताने होतो, बदलताही येतो. शपथ मात्र ज्याची त्याने घ्यायची, शेजाऱ्याकडे पाहून नव्हे. तुरुंग येईल, उपासमार येईल, कदाचित मरणही. बाकीचे सारे फिरले तरी एकट्याने उभे राहावे लागेल. बळ वाटत नसेल त्याने ती घेऊच नये. हे सारे ऐकून सभा उभी राहिली आणि हात वर करून शपथबद्ध झाली. पुढे काहींनी परवाने घेतले, कितीतरी जण तुरुंगात गेले. लढा १९१४ पर्यंत चालला.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. परीक्षेत कॉपी न करण्याची शपथ मी एकदा वर्गाकडून घेववली होती. सारे हात वर गेले. एकच खाली राहिला. "गुरुजी, माझ्याने पाळवेल की नाही, ठाऊक नाही," तो मुलगा म्हणाला. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. पुढच्याच परीक्षेत हात वर करणाऱ्यांपैकी तिघे सापडले. तो त्यांत नव्हता.

दिवाळीच्या सुटीत मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या वडिलांदेखत माझी चूक कबूल केली. पोराने काही न बोलता फराळाचे ताट माझ्यापुढे सरकवले.